गौराक्कांचं बदक

गौराक्का कॉम्प्युटर बंद करत नसत, निजवत. संध्याकाळी सहा वाजले की सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्यांच्या क्लासात आठ छोट्या लॅपटॉपांच्या पडद्यावर "निजवू का?" असा प्रश्न उमटायचा. पोरी "व्हय" वर टिचकी मारायच्या. मग अक्का चादरीच्या तुकड्यांतून शिवलेली एकेक कुंची घेऊन प्रत्येक लॅपटॉपला घालायच्या आणि त्याला फळीवर आडवं करायच्या.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी म्हणालो, "अक्का, पाळणा पण म्हणा की."

त्या रागावल्या नाहीत. "मला कुटली सवय पाळण्याची?" म्हणाल्या. "तुला पोरगी हाय. तूच म्हण."

"निजवू का?" हा प्रश्न लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीने लिहिलेला नव्हता. तो अक्कांनी लिहिला होता. इंग्रजीत जिथे फोल्डर असतं तिथे अक्कांच्या मशीनवर गाठोडं होतं. कचरापेटीच्या चित्राखाली उकिरडा. काही बिघडलं तर "अडलंय", आणि मशीन हलेनासं झालं तर "रुसलंय". थांबायचं असेल तेव्हा पडद्यावर "दम धर" यायचं. कॅन्सलला "ऱ्हाऊ दे". पासवर्डला त्यांनी "कानातलं" असं नाव दिलं होतं, कारण तो कानात सांगायचा असतो. पण त्यामुळे एकदा एका पोरीची आई क्लासात भांडायला आली होती, की माझ्या लेकीला रोज कानातलं का मागता, आमची ऐपत नाही.

हे शब्द मी दुकानात गिऱ्हाइकांना सांगून हसवायचो. सात रस्त्याजवळ एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी सेल्समन होतो, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी. "भवानी पेठेत एक अक्का आहे, तिचा कॉम्प्युटर रुसतो," असं म्हटलं की माणूस हसायचा, आणि हसलेला माणूस काहीतरी घेऊन जातो. अक्कांच्या जिवावर मी किती माऊस आणि कव्हरं खपवली असतील, देव जाणे.

अक्का मूळच्या होटगीच्या. वडील रेल्वेत गँगमन. घरात कानडी, बाहेर मराठी. लग्न केलं नाही, का केलं नाही हे कुणी विचारलं नाही. भवानी पेठेत एका माडीवर त्यांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. पाटीवर "मराठी ३०, ४० – इंग्रजी ३०, ४०" असं रंगवलेलं. सकाळी टायपिंग शिकवायच्या आणि दुपारी लोकांचे अर्ज टाइप करून द्यायच्या. कोर्टकचेरीतले कारकून इंग्रजी अर्जाचा हातखर्डा घेऊन यायचे, अक्का कागद चढवायच्या, आणि मान न वळवता, शेजारणीशी वाटाण्याच्या भावावर बोलत बोलत, एकही चूक न करता पान उतरवून द्यायच्या. सगळ्या पेठेत समज होता की अक्कांइतकं इंग्रजी वकिलांनाही येत नाही.

टायपरायटर गेले. नोकरीसाठी कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट मागायला लागले. अक्का दुकानात आल्या तेव्हा नेमके ते वहीएवढे लॅपटॉप बाजारात आलेले होते. मोठ्या लॅपटॉपच्या निम्म्याहूनही कमी किंमत. मशीन सुरू केल्यावर जी आधी उठते आणि बाकीच्या सगळ्यांना उठवते ती सिस्टीम. तर बहुतेक मशिनांत असते ती मोठ्या कंपनीची सिस्टीम या छोट्यांना परवडत नव्हती. चपलेपेक्षा पॉलिश महाग, असला प्रकार. म्हणून बनवणाऱ्यांनी त्यांत दुसरीच एक सिस्टीम घातली होती, जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून केलेली, कुणीही वापरावी, कुणीही आत हात घालून बदलावी अशी. तिच्या खुणेचा एक काळापांढरा पक्षी होता. तो पेंग्विन, पण सोलापुरात पेंग्विन कुणी पाहिला होता? लोक म्हणायचे, बदकवाला लॅपटॉप.

"ह्यातली सिस्टीम फुकट असते," मी अक्कांना सांगितलं.

"फुकट म्हंजे वंगाळ आसंल."

"तसं नाही. तुम्हाला हवी तशी बदलता येते. शब्दसुद्धा."

"शब्द बी? कुणाला न विचारता?"

"कुणालाच नाही."

अक्का बराच वेळ त्या बदकाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग हे फुकट न्हाय. मोकळं हाय." आणि आठ मशिनं घेतली.

तेव्हापासून "फुकट न्हाय, मोकळं हाय!" हे त्यांचं पालुपद झालं. दुकानात बसून त्या माझ्या गिऱ्हाइकांनाच सुनावायच्या. लोक बदकवाला लॅपटॉप स्वस्त म्हणून न्यायचे आणि आठ दिवसांत परत आणायचे, की यात खालचं ते 'स्टार्ट'चं बटण नाही, हा खरा कॉम्प्युटर नव्हे. मग मी मागच्या खोलीत जाऊन गुपचूप मोठ्या कंपनीच्या सिस्टीमची चोरटी कॉपी मारून द्यायचो. अक्का दारातच अडवायच्या. "चोरीचं घालून घेता व्हय? आन् हे मोकळं दिलेलं नको? लई शाणे!" लोक माझ्याकडे बघायचे. मी डोळ्यांनीच सांगायचो, म्हातारी जरा तशीच आहे.

कॉलेजातल्या एका मॅडमनी अक्कांना दाखवून दिलं होतं, शब्द कुठे बदलायचे ते. डाव्या बाजूला इंग्रजी ओळ, उजवीकडे रिकामी जागा. रोज दुपारी, पोरी यायच्या आधी, अक्का पाठ मोडलेला एक जाड शब्दकोश मांडीवर घेऊन बसायच्या. वहीत काही लिहायच्या नाहीत. "हातानं कोण लिवतं? मला टाइपनं पोसलंय," म्हणायच्या. जे होतं ते त्या मशिनांच्या आत होतं. वर्ष-दीड वर्ष हे चाललं. क्लासला येणाऱ्या पोरी विडीकामगारांच्या, चादर कारखान्यातल्या. घरात कुणी तेलुगू बोलणार, कुणी दखनी. पण "रुसलंय" सगळ्यांना कळायचं.

आता मी जे केलं ते सांगतो.

वहीएवढ्या मशिनांनी मोठ्या कंपनीची झोप उडवली, असं आमचे शेठ सांगायचे. लोकांना एकदा बदकाची सवय लागली तर उद्या मोठ्या मशीनवरही बदकच मागतील. म्हणून कंपनीने निवृत्त व्हायला निघालेल्या कारकुनाला थांबवून पुन्हा खिडकीत बसवावं तशी आपली जुनी सिस्टीम छोट्या लॅपटॉपांसाठी परत काढली, नाममात्र किमतीत. आणि आमच्याकडे पुण्याहून एका डिस्ट्रिब्युटरचा माणूस आला. त्याने सांगितलं, महिनाअखेरपर्यंत जो सेल्समन पन्नास बदकवाल्या मशिनांत ही सिस्टीम, गिऱ्हाइकाला फुकट, घालून देईल त्याला कंपनीतर्फे नव्हे, डिस्ट्रिब्युटरतर्फे, चाकांची प्रवासी बॅग.

बॅग त्याने सोबत आणली होती. काळी, ओढायचा दांडा बाहेर येणारी. आमच्या घरात त्या वेळी पत्र्याची ट्रंक होती. मी तो दांडा दोनदा वरखाली करून बघितला.

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा माझी बेचाळीस झाली होती.

त्याच दिवशी अक्का दुकानात आल्या. "होटगीला चालले. भाचीचं डोहाळजेवण हाय. दोन दिस ऱ्हाईन." माझ्या हातात क्लासची किल्ली ठेवली. "तुला येळ गावला तर मशिनं पुसून ठेव की जरा. लई धूळ बसलीया."

रविवारी दुपारी मी माडीवर गेलो. रस्त्यावर ऊन भाजत होतं, आत अंधार आणि फळीवर ओळीने आठ कुंच्या. एकेक काढली. एक मशीन सुरू केलं. पोरींची चित्रं होती, कुणी मोर काढलेला, कुणी स्वतःचं नाव सतरा रंगांत लिहिलेलं. ती सगळी मी पेनड्राइव्हवर घेतली. चित्रं वाचवली होती, हे मी नंतर कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. अक्कांचे शब्द मात्र घेतले नाहीत. विसरलो असं म्हणता येणार नाही. मला ते आठवले. मनात आलं, हा येडेपणा आता कशाला? खरी सिस्टीम येते आहे, तीही कायदेशीर, अक्कांना एक पैसा न पडता. उलट उपकारच. मी त्यांना मदत करतो आहे असं मला इतकं पटलं, की मी शीळ घालत होतो.

मशीनने इंग्रजीत विचारलं, सगळं पुसलं जाईल, चालेल का? आठ वेळा विचारलं. आठ वेळा मी हो म्हटलं. मग खरोखर ओल्या फडक्याने धूळही पुसली, कुंच्या घातल्या, किल्ली फिरवून घरी जेवायला गेलो.

मंगळवारी मी मुद्दाम क्लासात गेलो. शाबासकी घ्यायला.

पोरी मशिनं उघडून बसल्या होत्या आणि कुणीच काही करत नव्हतं. सबिहा नावाची एक पोरगी, जिने सगळ्यांत आधी टाइप करायला शिकून घेतलं होतं, ती पडद्याला नाक लावून म्हणाली, "अक्का, मेरा गाठोडं किदर गया जी?"

अक्का तिच्यामागे उभ्या होत्या. पडद्यावर हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. त्यांनी पुढे वाकून खालचं बटण दाबलं. इंग्रजीची यादी उघडली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत पाहिली, मग खालपासून वर.

"प्रकाश," त्या म्हणाल्या, "ते आतलं, माझं लिवलेलं?"

"आता त्याची गरज नाही अक्का. ही खरी सिस्टीम आहे. सर्टिफिकेटच्या परीक्षेला हीच असते."

"व्हय, पर ते कुटं ठिवलंस?"

सगळ्या पोरी माझ्याकडे बघत होत्या. तिथे मी जे बोललो ते आठवलं की आजही, गाडी चालवत असलो तरी, तोंडाने काहीतरी आवाज निघतो. बायको विचारते, काय झालं? मी म्हणतो, काही नाही.

मी म्हणालो, "तुम्हीच म्हणाला होतात ना, पुसून ठेव म्हणून."

अक्कांनी ती इंग्रजी यादी बंद केली. मग पोरींकडे वळल्या. "व्हय गं. मीच म्हणले हुते. ह्येनं मी सांगितलं तसंच केलं. चूक माझी हाय." आणि मला म्हणाल्या, "धूळ बी चांगली पुसलीस. च्या घे."

मी तो चहा प्यायलो.

जाताना त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यात मला काय बदलता येत न्हाय व्हय? शब्द?"

"नाही अक्का. हे बंद असतं."

"मग आतलं कुणाचं?"

"कंपनीचं."

"मशीन माझं, आन् आतलं कंपनीचं. बरं."

बॅग मिळाली. बायको खूश झाली. गाणगापूरला जाताना ती बॅग मी सोलापूर स्टेशनच्या फलाटावरून ओढत नेली, आणि तिचं एक चाक असं काही कोकलायचं, की माणसं वळून बघायची. मला वाटायचं, यांना माहीत आहे.

क्लास बंद पडला नाही. उलट वाढला. खरी सिस्टीम आली म्हणून पालक खूश होते. फक्त अक्का शिकवेनाशा झाल्या. त्यांनी पगारावर एक मास्तरीण ठेवली आणि स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसायला लागल्या. पोरींच्या चपला ओळीने लावायच्या, कुणी उशिरा आली तर ओरडायच्या. कोपऱ्यात मशीन अडलं तर पूर्वी आधी त्या धावायच्या, आता मान वळवून मास्तरणीला हाक मारायच्या. मी म्हटलं, वय झालं. असं म्हणणं मला सोयीचं होतं. भवानी पेठेत काम निघालं तरी मी त्यांच्या माडीखालून जायचं टाळायचो.

वर्षं गेली. वहीएवढे लॅपटॉप बाजारातून गेले, लोकांच्या हातात मोबाइल आले. मोठ्या कंपनीने ती जुनी सिस्टीम एक दिवस खरोखरच निवृत्त केली. अक्कांचा क्लास मिटला. शेठही दुकान विकून मुलाकडे गेले, आणि मी सात रस्त्याच्या मागे गल्लीत स्वतःचं दुरुस्तीचं छोटं दुकान टाकलं.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी अक्का दुकानात आल्या. सत्तरी उलटलेली, पण चालणं तेच, टाइपच्या लयीत. काखेत चादरीच्या कुंचीतला एक लॅपटॉप. आठांतला तेवढाच उरला होता.

"लई दमलंय रे. उघडाया अर्धा तास घेतंय. ह्यात परत बदक घालता येतं का?"

मी उठून त्यांना खुर्ची दिली. छोट्या जुन्या मशीनवर चालेल असं एक हलकं बदक शोधलं आणि घातलं. तासभर लागला. त्या तेवढा वेळ पंख्याखाली बसून दुकानातल्या वायरी गुंडाळून ठेवत होत्या, न सांगता.

बदक उठलं. आता त्यात मराठी आयतीच होती. मी हौसेने निवडली आणि मशीन त्यांच्यासमोर सरकवलं. अक्कांनी चष्मा लावला.

"संचिका," त्यांनी वाचलं. "ही कोण बाई?"

"फोल्डरची बहीण. फाइल."

"परवलीचा शब्द. हं. चांगलं हाय. पुस्तकातलं हाय." आणि चष्मा काढला.

"अक्का," मी म्हणालो, "आपण तुमचे शब्द परत घालू. मी बसतो तुमच्याबरोबर. दोन-तीन दिवसांत होईल. तुमचं इंग्रजी तर पक्कं आहे."

"कुटलं इंग्रजी?"

मला कळलं नाही.

"मला इंग्रजी येत न्हाय, प्रकाश. कंदीच येत नव्हतं. अक्षरं येतात. कुटलं अक्षर कुटल्या बोटाला, ते येतं. अर्थ कुणी सांगितला? अर्थाचे पैसे वकील घेत हुता." त्या हसल्या. "तीस वरीस लोकास्नी वाटलं, अक्काला लई इंग्रजी येतं. मी बी वाटू दिलं. त्ये बदक आलं तवा म्हटलं, आता गुपचूप शिकून घ्यावं. एकेका शब्दाला दुपार जायची माझी, त्या डिक्शनरीत. त्यो शब्द मराठीत घातला, की म्हटलं, ह्यो एक आला."

मला ती मंगळवारची यादी दिसत होती. अक्कांनी वरपासून खालपर्यंत पाहिलेली आणि खालपासून वर. त्या दिवसापासून त्यांना स्वतःच्याच क्लासात वाचता येत नव्हतं. पोरींच्या चपला लावणं एवढंच मी त्यांच्यासाठी ठेवलं होतं. आणि हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या, एक त्यांची आणि एक माझी.

"अक्का, मी ते धुळीसाठी नव्हतं पुसलं," मी म्हणालो. "मला कळलं होतं तुम्ही धुळीचं म्हणताय. मला बॅग मिळणार होती. पन्नास मशिनं बदलली की बॅग. तुमची आठ कमी पडत होती."

बोलायला पंधरा वर्षं घेतली आणि अर्ध्या मिनिटात संपलं.

अक्कांनी हातातली वायर नीट गुंडाळून टेबलावर ठेवली.

"चांगली हुती का बॅग?"

"चाक मोडलं तिचं."

त्या हसायला लागल्या. खोटं नाही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला हसता येईना. मग पदराने डोळे पुसून त्यांनी मशीन माझ्याकडे वळवलं. मी ती शब्दांची यादी उघडली, डाव्या बाजूला इंग्रजी, उजवीकडे पुस्तकातली मराठी. पहिली ओळ मोकळी केली.

"थांब," त्या म्हणाल्या. "आदी एक सांग. हे मशीनमधलं न्हाय. लई दिस विचारीन म्हणत हुते, पर कुणाला विचारणार? विचारलं आसतं तर समद्यास्नी कळलं आसतं." त्यांनी दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले, आणि कीबोर्ड नसताना दहा बोटं हलवून दाखवली, भराभर, एका दमात. "सहीच्या वर यायचं बघ, परत्येक अर्जात. हजारदा टायपलं आसंल. बोटं आपोआप जातात. वाय, ओ, यू, आर, एस. मग एफ, ए, आय, टी, एच... काय म्हंजे ते?"

त्यांनी उत्सुकतेने माझ्याकडे पाहिलं, शाळेतल्या पोरीसारखं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

"आपला विश्वासू," मी म्हणालो.

"आं?"

पंख्याच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मला पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं.

"आपला विश्वासू. मराठी अर्जात खाली लिहितात ना, तेच."

"येवढंच व्हय?" अक्का म्हणाल्या. त्यांना जरा निराशा वाटली असावी. तीस वर्षं काहीतरी मोठं असेल असं वाटलं होतं त्यांना. त्यांनी ते शब्द दोनदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिले, चष्मा लावला, आणि खुर्ची पुढे ओढली.

"बरं. आता ह्यातलं पयलं सांग."